पेशी का विभागते, हे मुलांना एकदा दिसू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या आधीची गोष्ट आहे. आमच्या शेजारची मुलगी विज्ञानाची उजळणी करायला संध्याकाळी माझ्याकडे येत असे. मी नागपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षे जीवशास्त्र शिकवले, आता निवृत्त आहे, त्यामुळे आमच्या लेआऊटमधली मुले परीक्षा जवळ आली की वह्या घेऊन येतात. सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या, अवस्था सांग म्हटल्यावर तिने पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था ही चारही नावे एका दमात म्हणून दाखवली, प्रत्येकीची दोन-दोन वैशिष्ट्येही न अडखळता सांगितली. मग मी विचारले, "पण पेशी विभागते कशाला, बेटा? आहे तशीच राहिली तर तिचे काय बिघडते?" तिने वहीची पाने मागेपुढे चाळली आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "आजी, हे पेपरात येत नाही."

तिच्या त्या उत्तराने मी अस्वस्थ झाले, आणि तीच अस्वस्थता आपल्या वाचकांपुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मुलगी हुशार आहे, तिला शिकवणारे शिक्षकही कष्टाळू आहेत हे मला ठाऊक आहे. पण ज्या घटनेमुळे आपण प्रत्येक जण एका पेशीपासून आजच्या देहापर्यंत पोहोचलो, जी हे पत्र वाचत असतानाही आपल्या हाडांच्या मज्जेत आणि आतड्यांच्या अस्तरात अखंड चालू आहे, ती घटना आमच्या मुलांना चार नावांची यादी म्हणून भेटते. शाळेतून बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक मुलामुलीला ही घटना निदान एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळावी, एवढीच माझी मागणी आहे. ती विदर्भातल्या मुलांसाठी मी विशेष आग्रहाने का करते, तेही पुढे सांगते.

आधी त्या "कशाला" चे उत्तर. त्या दिवशी स्वयंपाकघरातून मी गुळाचा एक मोठा खडा आणला आणि तिला गणित घातले. दोन सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचे घनफळ ८ घन सेंटिमीटर आणि पृष्ठफळ २४ चौरस सेंटिमीटर होते. त्याच घनाचे एक सेंटिमीटर बाजूचे आठ तुकडे केले तर गूळ तेवढाच राहतो, पण त्याचे एकूण पृष्ठफळ ४८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दुप्पट होते. म्हणूनच अख्ख्या खड्यापेक्षा फोडलेला गूळ पाण्यात लवकर विरघळतो, हे तिने घरी रोज पाहिलेले होते. पेशीचेही तसेच आहे. तिला लागणारा प्राणवायू आणि अन्न तिच्या आवरणातूनच आत येते आणि टाकाऊ पदार्थ त्याच आवरणातून बाहेर जातात. पेशी वाढत गेली की आतला ऐवज ज्या वेगाने वाढतो त्या वेगाने आवरण वाढत नाही, आणि मधल्या भागाला पुरवठा पोहोचण्यास उशीर होऊ लागतो. शिवाय पेशीच्या केंद्रकात डीएनएचा, म्हणजे आनुवंशिक सूचनांच्या धाग्यांचा, संच ठरलेलाच असतो, त्या एका संचाच्या बळावर कितीही मोठ्या पेशीचा कारभार चालवता येत नाही. म्हणून मोठे व्हायचे तर एकाच्या दोन व्हाव्या लागतात.

यावर तिने विचारलेला प्रश्न मला फार आवडला. "मग सगळ्याच पेशी छोट्या असतात का?" मी तिला उशीतून कापसाचा एक धागा उपसून दाखवला. आपल्या वऱ्हाडात जन्म घालवूनही कित्येकांना हे माहीत नसते की सरकीवरचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. सरकीच्या बाहेरच्या त्वचेतली एक पेशी फूल उमलते त्या सुमारास वर उचलली जाते आणि न विभागता लांबतच जाते, अडीच ते तीन सेंटिमीटरपर्यंत. मग ती जगते कशी? ती जाड होत नाही, केसापेक्षाही बारीक राहून लांब होते, म्हणून तिचे आवरण तिच्या ऐवजाच्या मानाने अपुरे पडत नाही. बोंड फुटते तोवर ती मेलेलीही असते, मागे उरते ते तिचे सेल्युलोजचे आवरण, आणि तेच आपण अंगावर घालतो. गुळाच्या खड्याचा नियम इथेही खोटा पडत नाही, पेशी त्यातून दुसरी वाट काढते. असे एक उदाहरण हाताशी असले की मुलांना "का" हा प्रश्न पुन्हा विचारावासा वाटतो.

वाढ हे विभाजनाचे एक कारण झाले. गर्भधारणेच्या वेळची एक पेशी दुप्पट होत गेली तर दहाव्या खेपेला १,०२४, तिसाव्या खेपेला शंभर कोटींच्या वर आणि पंचेचाळिसाव्या खेपेला सुमारे ३५ लाख कोटी होतात. प्रौढ माणसाच्या देहातल्या पेशींचा अंदाजही साधारण याच घरातला, तीस लाख कोटींच्या आसपासचा आहे. प्रत्यक्षात सगळ्या पेशी सारख्याच खेपा विभागत नाहीत आणि वाटेत पुष्कळ मरतातही, तरी हा हिशेब मुलांनी एकदा कागदावर करून पाहावा. दुसरे कारण झीज भरून काढणे. आतड्याच्या आतले अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात, आणि त्यांची भरपाई करण्यासाठी अस्थिमज्जेला दर सेकंदाला जवळपास वीस लाख नव्या पेशी तयार कराव्या लागतात. याउलट हृदयाचे स्नायू आणि मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी मोठेपणी जवळजवळ विभागत नाहीत. म्हणूनच खरचटलेला गुडघा आठवड्याभरात भरून येतो, पण हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी व्रणच राहतो.

आता "कसे" कडे येते, कारण खरी हळहळ मला तिथेच वाटते. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरचा माझा जुना सूक्ष्मदर्शक काढला. एका कांद्याची वाळलेली मुळे बुडाशी खरवडली आणि तो पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर असा ठेवला की फक्त त्याचे बूड पाण्याला टेकेल. चौथ्या दिवशी पांढऱ्या मुळ्यांचा झुबका सुटला. सकाळी नऊच्या सुमारास आम्ही त्यांची टोके कापली आणि तीन भाग अल्कोहोल व एक भाग ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात एक दिवस ठेवली, म्हणजे पेशी ज्या क्षणी जे करत होत्या त्याच क्षणी थांबल्या. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टोक जरा मऊ करून घेतले, टोकाचा जेमतेम दोन मिलिमीटरचा भाग काचपट्टीवर ठेवून बाकीचे मूळ टाकून दिले, ॲसिटोकार्मिन या तांबड्या रंगाचा थेंब घातला, स्पिरिटच्या दिव्यावरून काच दोन-तीनदा नुसती फिरवली, वर आच्छादक काच ठेवली आणि टिपकागदाची घडी धरून अंगठ्याने सरळ खाली दाबले. इथे अंगठा जरा जरी सरकला तरी सगळी मेहनत वाया जाते. तिचा पहिल्यांदा सरकला, दुसऱ्यांदा साधले.

साडेचारशे पट मोठे करून पाहिल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही. भिंगाखाली विटांच्या भिंतीसारख्या ओळीने लागलेल्या पेशी होत्या, बहुतेकींच्या मधोमध गुलाबी-तांबडे गोल केंद्रक होते, आणि मध्येच एखाद्या पेशीत ते गोल नाहीसे होऊन त्या जागी दोऱ्यांचा गुंता दिसत होता, ही पूर्वावस्था. एका पेशीत ते दोरे आखूड आणि जाड होऊन बरोबर मधल्या रेषेवर येऊन थबकलेले होते, ही मध्यावस्था. शेजारच्याच पेशीत त्यांचे दोन घोळके झाले होते आणि दोन्ही घोळक्यांतल्या दोऱ्यांची टोके मागे लोंबत होती, ही पश्चावस्था. पाठ्यपुस्तकातली केळीच्या घडाची उपमा तिला पाठ होती, घड मात्र तिने त्या सकाळी पहिल्यांदा पाहिला. डोळा न काढता तिने विचारले, "आजी, हे दोघं ओढून राहिले का एकमेकांना?" मी सांगितले की ते एकमेकांना ओढत नाहीत, प्रत्येक घोळक्याला आपापल्या टोकाकडे नेणारे प्रथिनांचे तंतू आहेत, ते आपल्या भिंगाला दिसण्याइतके जाड नाहीत.

मग मी तिला मोजायला बसवले. ओळीने २०० पेशी मोजल्या, त्यांत १८१ पेशींचे केंद्रक शाबूत होते. उरलेल्या १९ पैकी १२ पूर्वावस्थेत, ३ मध्यावस्थेत, २ पश्चावस्थेत आणि २ अंत्यावस्थेत होत्या. पुस्तकात चारही अवस्थांची चित्रे एकाच मापाची असतात, म्हणून मुलांना त्या सारख्याच वेळाच्या वाटतात. पण ज्या अवस्थेला जास्त वेळ लागतो त्या अवस्थेत कोणत्याही क्षणी जास्त पेशी सापडणार, हे तिचे तिलाच उमगले, आणि पश्चावस्था इतकी कमी का दिसते तेही कळले. माणसाची वेगाने विभागणारी पेशी घेतली तर साधारण २४ तासांच्या चक्रात प्रत्यक्ष विभाजन तासाभराचेच असते. बाकीचे २३ तास पेशी वाढते, डीएनएची दुसरी प्रत तयार करते आणि ती प्रत तपासून पाहते. जुन्या पुस्तकांनी या काळाला विश्रांतीची अवस्था म्हटले होते. त्या शब्दाने किती पिढ्यांची दिशाभूल केली असेल, कारण खरे काम तेव्हाच होते. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर त्याची लांबी दोन मीटरच्या आसपास भरते, आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात मावलेला असतो. एवढ्या लांब धाग्याची प्रत काढायची आणि दोन्ही प्रती न गुंतता, न तुटता दोन घरांत वाटायच्या. सुताच्या लडी भरलेल्या घरात ज्याने हातमाग पाहिला आहे, त्याला हे किती अवघड आहे ते सांगावे लागणार नाही. म्हणूनच वाटणीच्या आधी तो धागा हजारो पटींनी आवळून त्याच्या आखूड, सुट्या गुंडाळ्या केल्या जातात. आपण ज्यांना गुणसूत्रे म्हणून रंगवतो त्या याच गुंडाळ्या.

मध्यावस्थेबद्दलही थोडे सांगायला हवे. गुणसूत्रे मधल्या प्रतलात येऊन थांबतात असे आपण शिकवतो, पण का थांबतात ते सांगत नाही. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही अर्धगुणसूत्रांना, म्हणजे त्याच्या जोडलेल्या दोन प्रतींना, विरुद्ध टोकांकडून आलेले तुर्कतंतू (मघाचे ओढून नेणारे प्रथिनांचे तंतू) चिकटले आहेत की नाही, याची तिथे खातरजमा होते. एकही गुणसूत्र जोडायचे राहिले तर त्याच्याकडून थांबण्याचा इशारा जात राहतो आणि बाकीची सगळी खोळंबतात. शेवटचे जोडले गेले की अर्धगुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारे बंध एकदमच तोडले जातात. पेशीला पुढच्या टप्प्यात ढकलणाऱ्या प्रथिनांच्या शोधासाठी हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे काम यीस्ट आणि समुद्री साळिंदरासारख्या साध्या जिवांवर झाले होते, आणि तीच प्रथिने थोड्याफार फरकाने आपल्या पेशींतही निघाली.

विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या तपासताना वर्षानुवर्षे दिसलेली एक चूक इथे नोंदवते. कांद्याच्या मुळाचे निरीक्षण म्हणून काढलेल्या आकृतीत दोन्ही टोकांना तारककेंद्रे नेटकेपणाने काढून त्यांना नावेही दिलेली असत. तारककेंद्र म्हणजे प्राण्यांच्या पेशीत जिथून तुर्कतंतू निघतात ती जागा. कांद्याच्या पेशीत ते नसतेच, सपुष्प वनस्पती त्याच्याशिवायच तुर्कतंतू तयार करतात. तसेच विभाजनाच्या शेवटी प्राण्यांची पेशी कडेने खाच पडून दुभागते, तर कांद्याच्या पेशीत मधोमध पेशीपटल तयार होऊन ते कडांकडे वाढत जाते. तरीही निम्म्या आकृत्यांत कांद्याला कंबर आलेली असे. मुले भिंगातून पाहून काढत नव्हती, पुस्तकातली प्राणीपेशी उतरवत होती, आणि आम्ही शिक्षक सुबक आकृती म्हणून त्यावर सही करत होतो. मीही सुरुवातीची काही वर्षे ती केली आहे आणि त्याची मला आजही खंत आहे.

पाहण्याऐवजी पाठ करण्याची ही सवय थोरामोठ्यांनाही सुटलेली नाही. १९२३ साली पेंटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने माणसाच्या गुणसूत्रांची संख्या ४८ दिली आणि पुढची तीस वर्षे सगळे ४८ च म्हणत राहिले. नंतर पाहणाऱ्यांनाही ४८ च दिसत असत, कारण पुस्तकात ४८ होते. १९५५ च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या लुंड येथे जो हिन टिजो यांनी पेशी कोल्चिसिन या द्रव्याने विभाजनाच्या मध्यावर रोखून धरल्या, काचेखाली दाबून पसरवल्या आणि शांतपणे मोजले, तेव्हा गुणसूत्रे ४६ भरली. लेव्हान यांच्यासह त्यांनी ते १९५६ साली प्रसिद्ध केले. दाबून पसरवण्याची पद्धत म्हणजे मुळात आपल्या अंगठ्याची तीच युक्ती. आणि ते कोल्चिसिन ज्या वनस्पतींत सापडते त्यांतली एक आपली कळलावी आहे, जिची लाल-पिवळी फुले पावसाळ्यात विदर्भाच्या जंगलांत दिसतात. ते द्रव्य तुर्कतंतू बांधूच देत नाही, म्हणून पेशी अडून बसते. कळलावीचा कंद इतका विषारी असतो, त्यामागे पेशीच्या यंत्रणेत केलेला हा हस्तक्षेपच आहे.

शब्दांपुरते एक सांगते. जर्मनीत कील येथे काम करणाऱ्या वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या अळीच्या पेशी रंगवून हे सारे बारकाईने पाहिले, १८८२ च्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आणि धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मायटोसिस हे नाव दिले. आपले "सूत्री विभाजन" म्हणजे त्याचाच नेमका अर्थ. पण क्रोमोसोम हा १८८८ सालचा शब्द फक्त रंग घेणारी वस्तू एवढेच सांगतो, तर गुणसूत्र हा मराठी शब्द त्या धाग्याचे काम सांगतो. वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलची फ्लेमिंग यांना खबर नव्हती, त्यांच्या डोळ्यांसमोरचे धागेच आनुवंशिक गुण वाहून नेतात हे त्यांना कधी कळले नाही. आमच्या मुलांना ते शब्दातच मिळालेले आहे. ते कोणी उलगडून दाखवत नाही, हे वाईट आहे.

विदर्भातल्या मुलांसाठी मी हे आग्रहाने मागते त्याचे पहिले कारण सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. माझ्या वर्गात दरवर्षी एखाददुसरा विद्यार्थी असा असे की ज्याच्या घरात कोणी "एसएस पॅटर्न" चे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेले जनुक आलेले, आहे किंवा तो स्वतःच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा येथून नागपुरात शिकायला आलेल्या मुलांत हे विशेष दिसे. एका वर्षी एक मुलगी तास संपल्यावर थांबली आणि तिने हळूच विचारले की तिचा भाऊ वारंवार दवाखान्यात भरती होतो, त्याच्या ताटात जेवल्याने तिला ते चिकटेल का. ती तेव्हा बारावीत होती आणि सूत्री विभाजनाच्या प्रश्नात तिला पूर्ण गुण होते.

तिला मी जे सांगितले तेच इथे लिहिते. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एका अक्षराचा बदल असतो. तो बदल आईवडिलांकडून पहिल्याच पेशीत आलेला असतो, आणि सूत्री विभाजन प्रत्येक वेळी हुबेहूब प्रत काढत असल्यामुळे तो देहाच्या केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत जसाच्या तसा उतरतो. जी निष्ठा आपल्याला घडवते तीच निष्ठा चुकीचे अक्षरही इमानाने पुढे नेते. बाहेरून कोणाच्या ताटातून ते अक्षर आत जाऊ शकत नाही. आता रक्तपेशींकडे पाहू. पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसते, म्हणून ती स्वतः विभागू शकत नाही. तिची जागा भरायची तर मज्जेतल्या मूळ पेशींनाच विभागावे लागते. निरोगी माणसात हे १२० दिवसांच्या हिशेबाने चालते. सिकलसेलच्या रुग्णात विळ्याच्या आकाराच्या पेशी १० ते २० दिवसांतच मोडतात, म्हणजे मज्जेला कित्येक पट वेगाने विभाजन चालू ठेवावे लागते. डीएनएची नवी प्रत काढायला फॉलिक आम्ल लागते, ते या घाईत भराभर संपते, आणि डॉक्टर या रुग्णांना रोज फॉलिक आम्लाची गोळी देतात त्याचे कारण हे आहे. घरोघरी ही गोळी रक्तवाढीची म्हणून ओळखली जाते आणि जरा बरे वाटले की बंद होते. ती पेशी विभागण्यासाठी लागणारा माल पुरवते हे ज्याला समजले आहे, तो ती सहसा बंद करणार नाही, असा माझा अनुभव आहे. २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, तपासण्या होत आहेत आणि तपासणीचा निकाल सांगणारी कार्डेही मिळत आहेत, हे चांगलेच आहे. दोघेही वाहक (एकच बिघडलेले जनुक बाळगणारे) असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक का असते, हे कळण्यासाठी अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रे निम्मी करून बीजपेशी घडवणारे विभाजन, समजावे लागते. त्याचा पाया सूत्री विभाजनच आहे, आणि तो कच्चा राहिला तर हातातले कार्ड नुसते कार्ड राहते.

दुसरे कारण खर्रा आहे. आमच्या नागपुरात पानठेल्यावर घोटलेली खर्ऱ्याची पुडी शाळकरी मुलांच्या खिशात सापडते हे कोणालाही नवीन नाही. तोंडाच्या आतली त्वचा खालच्या थरातल्या पेशींच्या विभाजनातून सतत नवी होत असते. सुपारी, तंबाखू आणि चुना तासन् तास गालात धरला की ती त्वचा रोज भाजल्यासारखी होते, झीज भरण्यासाठी खालच्या पेशींना जास्त वेळा विभागावे लागते, आणि त्याच वेळी तंबाखूतली रसायने डीएनएची अक्षरे बिघडवत असतात. पेशीकडे याविरुद्ध पहारेकरी आहेत. डीएनए बिघडलेला दिसला की पी-५३ हे प्रथिन विभाजन थांबवते, दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावते. हा पहारेकरीच ज्या पेशीत बाद होतो ती पेशी थांबण्याचा इशारा मानत नाही, आणि तिच्या लेकी, नातीही मानत नाहीत. कर्करोग म्हणजे बाहेरून आलेला शत्रू नव्हे, आपलेच सूत्री विभाजन आपल्या ताब्यातून सुटलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूबरोबर सुपारीलाही निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे, त्यामुळे नुसत्या सुपारीने काही होत नाही हा समजही खरा नाही. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला इशाऱ्याचा फोटो मुले रोज पाहतात आणि त्यांची नजर मेली आहे. कांद्याच्या मुळातल्या शिस्तीच्या विभाजनाशेजारी अर्बुदाची, म्हणजे कर्करोगाच्या गाठीची, एक कायम काचपट्टी ठेवून दोन्ही दाखवल्या, तर त्या फोटोपेक्षा तिचा परिणाम जास्त होतो. मी तो वर्गात पाहिलेला आहे.

उपचारही याच यंत्रणेवर बोट ठेवतात. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधे तुर्कतंतू बांधू देत नाहीत, म्हणून विभागू पाहणारी पेशी मध्यावस्थेतच अडकते आणि मरते. केसांची मुळे आणि मज्जा यांतल्या पेशीही भराभर विभागणाऱ्या असल्याने अशा औषधांचा मार त्यांनाही बसतो, केस गळतात आणि रक्त कमी होते. घरात केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला हे कळले तर त्याची भीती काही अंशी तरी कमी होते.

संत्र्याचे तर सांगायलाच नको. काटोल, वरूडच्या बागांत जंबेरीच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरची कळी, कलम करून भरला की त्यापुढचे सगळे झाड त्या एका डोळ्यातल्या पेशींच्या सूत्री विभाजनातून येते, म्हणूनच त्याला मूळ झाडाचीच गोडी लागते. जो शेतकरी डोळा कोणत्या झाडाचा आहे ते विचारूनच रोप घेतो, तो हे शास्त्र वापरतच असतो.

आता तक्रारीचे बोलते. निवृत्तीनंतर एका शाळेत मी पाहुणी म्हणून गेले असता प्रयोगशाळेत सहा सूक्ष्मदर्शक कपाटात होते, त्यांची वेष्टनेही नीट काढलेली नव्हती. किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते, आणि मुख्याध्यापिकाबाईंचे म्हणणे असे की मुलांनी भिंग फोडले तर जबाबदारी कोणाची. शाळेचे नाव मी देत नाही, कारण ही एकाच शाळेची गोष्ट नाही आणि त्या बाईंची अडचणही खोटी नव्हती. साठ मुलांच्या वर्गात एका शिक्षकाने हे सांभाळायचे, त्यात अभ्यासक्रम पुरा करायचा, हे सोपे नाही. पण ज्या वस्तूची मोडतोड होऊ नये म्हणून तिचा वापरच होत नाही, ती विकत कशासाठी घेतली, असे मला विचारावेसे वाटते. शिक्षण विभागाने दहावीच्या प्रात्यक्षिकांत मुलाने स्वतः तयार केलेली कांद्याच्या मुळाची एक काचपट्टी आणि स्वतः मोजलेल्या शंभर पेशींचा तक्ता एवढे सक्तीचे करावे. आकृतीला गुण देऊ नयेत, मोजणीला द्यावेत, कारण मोजणी पुस्तकातून उतरवता येत नाही, प्रत्येकाची वेगळी येते. आणि लेखी परीक्षेत "अवस्था लिहा" याऐवजी, एखाद्या पेशीत तुर्कतंतू तयारच झाले नाहीत तर काय होईल, असा एक प्रश्न यावा. ज्याने पाहिले आहे त्याला तो अवघड जाणार नाही.

माझ्याकडून होईल ते मी करायला तयार आहे. नागपूर शहरातल्या ज्या शाळेला हा प्रयोग मुलांना करून दाखवायचा असेल तिथे मी शनिवारी सकाळी येईन, माझा सूक्ष्मदर्शक आणि रंग घेऊन येईन, मानधन नको. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे, विचारणाऱ्या शाळेला तो अवश्य द्यावा. शाळेने फक्त पाच-सहा दिवस आधी कांदे पाण्यावर ठेवावेत आणि पाणी रोज बदलावे. कांदे जुने, साठवणीतले घ्यावेत, नुकताच काढलेला कांदा लवकर मुळे धरत नाही. आणि भर उन्हाळ्यात हा घाट घालू नये, एप्रिल-मेच्या उन्हात पाणी तापून मुळे सडतात. पावसाळ्याची शाळा सुरू झाली की जुलैपासून पुढे कोणताही शनिवार चालेल.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, नागपूर